दोदोंगचे बूट

मागच्या डेकवर, काटेरी तारेच्या वेटोळ्यांआड
आम्ही एक माणूस उभा केला आहे.
पोटात इंजिनरूमच्या तेलकट चिंध्या,
डोक्याला रंगाचा रिकामा डबा, वर पिवळं हेल्मेट,
हातात प्लास्टिकचा पाइप,
लांबून बंदूक वाटावा इतपत.
अंगातला बॉयलरसूट नेमेसिओचा,
जो डर्बनला हर्नियाचं पोट धरून उतरला
आणि परत आला नाही.
बूटही त्याचेच. नऊ नंबर. टाचेला झिजलेले.

बोसन क्रिसांतो त्याला दोदोंग म्हणतो.
आमच्या बेटांवर घरातल्या धाकट्या पोराला
अशी हाक मारतात.
कप्तान म्हणतो, जहाजावर हा एकच
जो पहाऱ्यावर डुलकी काढत नाही
आणि ओव्हरटाइम मागत नाही.

मी चीफ मेट. कागदोपत्री सुरक्षा अधिकारीही मीच.
माझ्याकडे एक तक्ता आहे:
नुकसान किती, शक्यता किती, दोन्हींचा गुणाकार.
सिंगापूरची सामुद्रधुनी, अंधारी रात्र,
मालानं खोल बसलेलं जहाज, वेग दहा नॉट.
गुणाकार लाल येतो.
मग मी दारांना आतून कड्या घालतो,
होजपाइप कठड्याबाहेर सोडतो, दिवे लावतो,
दर पंधरा मिनिटांनी वॉकीटॉकीवर हाक देतो,
आणि जाता जाता दोदोंगची कॉलर नीट करतो.
हे शेवटचं तक्त्यात नाही.

माझ्या बापाच्या भातखाचरातही एक बुजगावणं होतं.
तीन दिवस पाखरं बिचकायची.
चौथ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून चोची पुसायची.
हे मी कंपनीला कळवलेलं नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटं.
उजव्या हाताला बातामचे दिवे.
एक लाकडी होडी, बिनदिव्याची,
आमच्या मागच्या फेसात शिरली.
भोंगा. जिना, दुसरा जिना, मेसचं पोलादी दार.
वर ब्रिजवर कप्तानासह तिघं, कोंडून घेतलेले,
इथे सुकाणू सोडता येत नाही.
खाली बोसननं डोकी मोजली, एकेकाला हात लावून:
सोळा, सतरा, अठरा. वर तीन. एकवीस.
कॅडेट बेनहूर, पहिलीच सफर, ओठ पांढरे,
म्हणाला, "दोदोंग बाहेर राहिला."
कुणीतरी हसलं. मग सगळेच हसलो,
आवाज न करता, नुसते खांदे हलत.
एफ्रेन कुकच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना;
ते हसण्याचं नव्हतं,
हे कोणी बोललं नाही.

उजाडल्यावर पावलं दिसली.
अनवाणी, मीठ होऊन वाळलेली.
चौघं असावेत.
एकाचं पाऊल इतकं लहान
की बोसननं त्याशेजारी आपला तळहात टेकवून पाहिला
आणि चटकन उचलला.

कंपनीचा फॉर्म आला. चोरीस गेलेल्या वस्तू:
जनरेटरचे सुटे भाग, दोन पेट्या.
पितळी नोझल, तीन.
बूट, एक जोड.
पुढे रकाना होता, मालकाचं नाव.
तिथे मी बराच वेळ पेन धरून बसलो.

दोदोंग जागच्या जागी उभा होता.
हेल्मेट सरळ, पाइप हातात,
पँटच्या तोंडातून चिंध्या लोंबत.
बूट कुणी ओरबाडले नव्हते.
नाड्यांचे तुकडे नव्हते पडलेले.
बोसनची गाठ मला माहीत आहे, ओल्यात ती फुगते;
ती सोडवायला नखं लागतात, वेळ लागतो.
म्हणजे तेवढा वेळ तिथे कुणीतरी
गुडघ्यांवर बसलं होतं
चिंध्यांच्या माणसाच्या पायाशी,
सुरी बाजूला ठेवून.

संध्याकाळी क्रिसांतोनं स्वतःचे जुने कॅनव्हासचे बूट आणले,
दोदोंगच्या पायांत कोंबले, नाड्या ओवल्या.
गाठ मारली नाही.
माझ्याकडे पाहिलंही नाही.

तक्त्यात एक ओळ आहे:
नकली पहारेकरी, बांधणी पक्की आहे का?
मी "हो" वर खूण केली.
पंधरा मिनिटं झाली होती,
वॉकीटॉकी उचलून हाक दिली.